नोंद तपासा

मी संशयी बाई आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहते. भाजीवालीनं वर मांडलेली चकचकीत वांगी बाजूला सारून खालची पाहते. डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा आधी पाकीट उलटंपालटं वाचते, मग तोंडात टाकते. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तर देवालाही ओळखपत्र मागशील. मागीन, त्यात काय!

हा गुण बाबांचा. बाबा वरोऱ्याच्या बाजारात काट्यावर होते. सोयाबीनचं पोतं समोर आलं की ते आधी शर्टाची बाही वर सारायचे आणि हात कोपरापर्यंत आत घालायचे. वरचं सोयाबीन वाळलेलं आणि तळाशी ओलं, असं कितीदा निघायचं. पण समोरच्या माणसाला ते कधी चोर म्हणाले नाहीत. "माणसावर शक घ्याचा नाई पोरी," ते म्हणायचे, "पोत्यात हात घालाचा." मी त्यांच्याकडून शक तेवढा घेतला, आणि हात घालायचं विसरले. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

चंद्रपुरात एका लहान संस्थेत मी प्रोग्रॅम लिहिते. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या ग्रामसभांचे ठराव नीट नोंदवून ठेवणं, हे संस्थेचं काम. यंदा कुठल्या भागातला बांबू तोडायचा, कुठला राखायचा, कुठे जनावरं सोडायची नाहीत, असे ते ठराव. गावोगाव फिरून ते टॅब्लेटवर उतरवून आणायला आमची माणसं आहेत. टॅब्लेट स्वस्तातले, मेमरी कमी, आणि जंगलात नेटवर्कचा पत्ता नाही. म्हणून आम्ही असं डेटाबेस इंजिन वापरतो की ज्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. ते आमच्या प्रोग्रॅमच्या पोटातच बसतं. नोंद टॅब्लेटमध्ये साठते आणि माणूस तालुक्याला पोचला की आमच्याकडे येते.

या इंजिनाचा सोर्स कोड मिळतो. तो कंपाइल करताना, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना, आपल्याला मर्यादा घालता येतात. एक नोंद जास्तीत जास्त केवढी, एका तक्त्यात रकाने किती, सगळी फाइल किती फुगू द्यायची. यातली नोंदीची मर्यादा एकदा कंपाइल केली की पुढे प्रोग्रॅम चालू असताना खाली आणता येते, वर नेता येत नाही. मला नेमकं हेच आवडलं. कोणी गोड बोलून वाढवून घेणार नाही, कोणी चुकून वाढवणार नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी मूळ मर्यादा ठेवली होती एका नोंदीला अब्जभर बाइटची. अब्जभर! आमच्या टॅब्लेटचा तेवढ्यात जीव गेला असता.

तसा तो एकदा जाता जाता राहिलाही होता. कोणाच्या तरी पिशवीत टॅब्लेट चालूच राहिला, वर टिफिनचा डबा दाबून बसला, आणि गावाच्या नावाच्या रकान्यात 'क' उमटत गेला तो उमटतच गेला. टॅब्लेट ठप्प, आठवड्याचं काम पाण्यात. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं, मी तर पाणीही फुंकायला लागले. बसले एका दुपारी आणि सगळ्या मर्यादा खाली ओढल्या. एका नोंदीला सोळा हजार बाइट. दोनशे लोकांची नावं असलेला एक खोटा ठराव इंग्रजी अक्षरांत टाकून पाहिला, सहज मावला. झालं तर मग.

दुसरं एक शहाणपण केलं. इंजिन काही अडलं तर नेमकं कारण सांगतं. ते मी पडद्यावर येऊच दिलं नाही. कुलूप कुठे कच्चं आहे हे चोराला कशाला दाखवायचं? चूक कुठलीही असो, माझा प्रोग्रॅम दोनच शब्द दाखवायचा: नोंद तपासा.

आता भाऊंबद्दल सांगते. चामोर्शीच्या पलीकडची जंगलातली आठ गावं ज्यांच्याकडे होती, त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणायचो. पन्नाशीचे, गोंड. आधी बांबू तोडायला जायचे. त्यात डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलेलं. टॅब्लेटवर एका अंगठ्यानं टाइप करायचे, पण अक्षर न् अक्षर बरोबर. कागदाचा त्यांना कंटाळा. पोच द्या, सही घ्या, हे त्यांना जमायचं नाही. "सांगतलं म्हंजे झालं जी," असं म्हणायचे. मला ते खटकायचं. सांगितलं म्हणजे झालं, असं कुठे असतं का?

गेल्या हिवाळ्यानंतर सात गावांचे ठराव आले, आठव्याचा येईना. ते गाव सगळ्यांत मोठं, आणि भाऊंचं स्वतःचं. ऑफिसात ठेवतात त्या फेऱ्यांच्या कागदावर मात्र त्याच गावाला पाच मीटिंगा. मी फोन लावला.

"भाऊ, तुमच्या गावचा ठराव आला नाई."

"टाकला न बाई. पाच डाव टाकला."

"मंग इथी काऊन नाई दिसून राह्यला?"

"यंत्र म्हणते, नोंद तपासा. आम्ही तपासून राह्यलो जी."

एक नोंद पाचदा तपासतात? मला तिथेच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. नोंदीत गडबड असल्याशिवाय माझा प्रोग्रॅम तसं म्हणणारच नाही, याची मला खात्री होती. साऱ्या जगावर शक घेणारी मी, माझ्या प्रोग्रॅमवर मात्र माझी सोळा आणे श्रद्धा! आणि ते 'आम्ही' म्हणाले होते, 'मी' नाही, हेही मी कानाआड केलं.

महिन्याच्या बैठकीला भाऊ चंद्रपूरला आले तेव्हा त्यांचा टॅब्लेट मी मागून घेतला. टाइप केलेला मजकूर जतन होण्याआधी एका कच्च्या फाइलमध्ये राहतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या ठरावाचे पाच कच्चे खर्डे निघाले. पहिल्यात एकशे बहात्तर नावं, दुसऱ्यात एकशे पंच्याहत्तर, मग एकशे एकोणऐंशी, मग एकशे चौऱ्याऐंशी, आणि शेवटच्यात एकशे पंच्याऐंशी. दर खेपेला नावं वाढलेली. शिवाय चौथ्यातलं एक नाव पाचव्यातून गायब! नावं घुसडतो हा माणूस! ठराव आधी, माणसं मागून! मी शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेल्या भाऊंना एक शब्द विचारला नाही. सरळ सरांना, म्हणजे आमच्या संस्थाप्रमुखांना, पत्र लिहिलं: नोंदी संशयास्पद, नावं वाढवलेली दिसतात, यांचं काम थांबवावं.

सर घाईचे नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः गावात जाऊन या. परत येऊन सांगाल ते मी धरीन. खोटं निघालं तर त्याच दिवशी त्यांचं काम बंद." आणि भाऊ गावी परतल्यावर तेच त्यांनी भाऊंनाही फोन करून सांगितलं.

मी एसटीनं चामोर्शीला उतरले. भाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांच्या मागे बसून मी निघाले. एका नाल्यापाशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सरचा फोन आला तवा मी सरपंचाच्या घरी होतो बाई. सरपंचाचाच फोन होता, स्पीकर चालू होता. गावानं आयकलं."

"काय आयकलं?"

"मी खोटी नावं टाकतो म्हणून." बाटलीचं झाकण लावता लावता ते म्हणाले, "नोकरी गेली तं जाऊ द्या. बांबू तोडीन. पण या गावात मी सांगतलेलं कोणी मानलं नाई, तं राहू कसा जी मी तिथी?"

खरं सांगते, मला तेव्हाही दया आली नाही. मनात म्हटलं, नाटक चांगलं जमतंय.

गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, सगळं गाव बसलं होतं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सकाळची कामं टाकून आले होते, आणि कोणी नमस्कारही केला नाही. मी पिशवीतून माझी यादी काढली. मागून वाढलेली चौदा नावं आणि एक गायब झालेलं. आता बघू, असं म्हणून मी एकेक नाव वाचायला लागले, आणि एकेक माणूस उभा राहायला लागला.

पहिली सहा नावं एकाच टोळीची. ते तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, पहिल्या सभेनंतर एकेक करून परतले. पुढच्या दोन पोरी नुकत्याच अठराच्या झालेल्या. एक म्हातारा शेतातल्या खोपटातच राहतो, त्याला खाटेवर बसवून आणलं होतं. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती बाळ घेऊनच उठली. उरलेली चौघंही तशीच, कोणी दवाखान्यात होतं, कोणी पाहुणपणाला. चौदाच्या चौदा जिवंत माणसं माझ्यासमोर उभी होती. मग मी गायब झालेलं नाव वाचलं. कोणी उठलं नाही. बायांच्या रांगेतून एकजण म्हणाली, "माह्या घरवाला होता थो. चौथ्या सभेनंतर गेला." तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, ते मी तेव्हा पाहिलं.

मी यादी घडी करून ठेवली. तरी मनातला किडा मरेना. यांना पढवून ठेवलं असेल तर? मी भाऊंना विचारलं, "पण दर खेपेले नावं वाढवाची काऊन? ठराव तं पहिल्याच दिवशी झाला होता न?"

उत्तर भाऊंनी दिलं नाही. पुढेच बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं दिलं. "आमच्या इथी हात वर करून मोजत नाई बाई. शेवटचा माणूस हाव म्हणत नाई तवरक सभा उठत नाई. म्हणून समद्याची नावं. यंत्र म्हणलं, नोंद तपासा. म्हंजे कोणीतरी राह्यलं असन. मंग आम्ही पुन्हा सभा घेतली. पाह्यलं तं खरंच राह्यले होते. तुमचं यंत्र हुशार हाये, आम्हाले वाटलं."

भाऊंनी टॅब्लेट मांडीवर घेतला, सगळी एकशे पंच्याऐंशी नावं पहिल्यापासून वाचली, प्रत्येकानं आपल्या नावाला हाव, म्हणजे हो, म्हटलं, आणि त्यांनी सगळ्यांना दिसेल असा टॅब्लेट वर धरून 'जतन करा' दाबलं. पडद्यावर माझे दोन शब्द आले. नोंद तपासा.

सगळी सभा एकमेकांकडे पाहायला लागली. म्हातारी उठून उभी राहिली, तिनं हात कपाळाशी नेऊन रांगा न्याहाळल्या आणि विचारलं, "आता अजून कोण राह्यलं?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चार वेळा या लोकांनी कामं टाकून पुन्हा सभा भरवली होती, माझ्या दोन शब्दांखातर. मी लॅपटॉप काढला, टॅब्लेटला वायर जोडली आणि पडद्यामागे इंजिन काय म्हणतंय ते पहिल्यांदा वाचलं. आधीच वाचायचं होतं ते. नोंद मर्यादेपेक्षा मोठी आहे, असं ते दर वेळी स्वच्छ सांगत होतं आणि मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. लांबी मोजली. सोळा हजारांच्या पुढे, सतरा हजार नऊशे बाइट. आणि मग डोक्यात उजेड पडला. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. मराठीतल्या प्रत्येक अक्षराला तीन, वरच्या काना-मात्रेलाही वेगळे तीन. मराठी गावांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी, मराठीत वाढलेली बाई मी, आणि चाचणी केली इंग्रजीत! लहान गावं मावत होती. मोठं गाव मावत नव्हतं. नावं वाढवून वाढवून ते बिचारे नोंद आणखी मोठी करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर मीच होते आणि फाशीचा कागदही मीच लिहिला होता.

मी आधी सोपी वाट काढायला गेले. म्हटलं, "भाऊ, याचे दोन भाग करा. अर्धी नावं एका नोंदीत, अर्धी दुसऱ्या नोंदीत. आत्ता होते."

"नाई जमत," भाऊ म्हणाले. "ठराव एक झाला. अर्ध्या गावाचा ठराव कसा राह्यते?"

मागून एक माणूस म्हणाला, "बाई आमची नावं कमी करून राह्यली का?" दुसरा म्हणाला, "लॅपटॉपात काय करते कोणाले ठावं." एकदोघं उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडदा इंग्रजीत, त्यांना काही कळत नव्हतं, पण हटले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही हटले नसते.

मग कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी अर्धी, गावात सकाळपासून लाइट नाही. ती एक ओळ उघडली जिथे सोळा हजार लिहिलं होतं. किती करावं? मी भाऊंना विचारलं, "तुमच्याकडच्या सभेत जास्तीत जास्त माणसं किती राह्यतात? आजूबाजूच्या मोठ्या गावांत?" हा प्रश्न मी आकडा ठरवताना कोणालाच विचारला नव्हता. भाऊंनी म्हातारीला विचारलं, तिनं आणखी दोघांना, गोंडीत बरंच बोलणं झालं. भाऊ म्हणाले, "पाचशे धरा. दूर रानातली बी येतात कवा कवा." त्यांच्यासमोरच मी गुणाकार केला, दुप्पट जागा सोडली आणि एक लाख लिहिलं. माझा जुनाट लॅपटॉप घुरघुरायला लागला. दहा मिनिटं गेली. "काय शिजून राह्यलं?" कोणीतरी विचारलं. कोणी हसलं नाही.

नवा प्रोग्रॅम टॅब्लेटवर चढवला. भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं वाचली. मी म्हटलं, पुन्हा वाचायची गरज नाही. ते थांबले नाहीत. शेवटच्या माणसानं हाव म्हटल्यावर त्यांनी कळ दाबली. हिरवी खूण आली. नोंद झाली.

मी उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी होती. तुमची नाही, भाऊंची तर मुळीच नाही. त्यांनी एकही नाव खोटं टाकलं नाही. भाऊंनी ते गोंडीत सांगितलं. लोक ऐकून घेत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग भाऊ माझ्याकडे वळले. "सरले फोन लावाचा हाये."

"चंद्रपूरले गेल्यावर सांगतो न मी. आजच सांगतो."

"इथूनच. सरपंचाच्या घरी रेंज येते. तवा स्पीकर चालू होता, आता बी चालू ठेवा."

आम्ही गेलो. अर्धं गाव मागे आलं. मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि अंगणभर लोकांसमोर सरांना सांगितलं की मर्यादा मी चुकीची घातली, अडण्याचं कारण मी लपवलं, पत्र मी न विचारता लिहिलं. भाऊ खरं बोलत होते. सर म्हणाले, "बरं झालं बाई, गेलात ते. भाऊंचं काम चालू राहील." माझे डोळे भरून आले, शरम वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. भाऊंनी मान हलवली आणि ते मोटरसायकलची किल्ली शोधायला लागले. मला चामोर्शीला सोडलं, एसटीत बसवून दिलं. माफ केलं म्हणाले नाहीत. मीही विचारायची हिंमत केली नाही.

ते दोन शब्द मी काढून टाकले. आता प्रोग्रॅम सांगतो: नोंद इतकी मोठी आहे, मर्यादा इतकी आहे, चंद्रपूरला फोन करा. चाचणी मराठीत करते, आणि आकडा लिहिण्याआधी भाऊंना फोन करते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला भाऊ आले. टॅब्लेट जोडला. आठही गावांच्या नोंदी माझ्या पडद्यावर उतरल्या. मी म्हटलं, "आल्या भाऊ. सगळ्या आल्या."

त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. नवी कोरी. पट्टीनं रेघा आखलेल्या. गाव, तारीख, किती नावं, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं. शेवटचा रकाना रिकामा होता.

"सही करा जी."

"भाऊ, आल्या म्हणतो न मी."

"तुम्ही म्हणता बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सही करा."

मी आठ सह्या केल्या. भाऊंनी वही आपल्याकडे फिरवली आणि ते अर्धं बोट एकेका ओळीवर ठेवत, पहिलीपासून आठवीपर्यंत, माझी प्रत्येक सही तपासली.